'ओपन स्टँडर्ड' म्हणजे खुलं, मुक्त की मोफत? (व्हिडिओ स्ट्रीमिंगच्या निमित्ताने)

वर्गणीवाला
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय आणि शनिवारच्या मीटिंगआधी हवाय. आमच्या तालुक्याच्या गावी दर मे महिन्यात व्याख्यानमाला असते, तिचं लाइव्ह आणि रेकॉर्डिंग मी बघतो. यंदा एक व्हेंडर आलाय, म्हणतो आमचा बॉक्स घ्या, आमचं ॲप घ्या, बाकी डोक्याला ताप नाही. माझं म्हणणं की जे घ्यायचं ते ओपन स्टँडर्डवर, म्हणजे एका कंपनीच्या मुठीत नसलेल्या, सगळ्यांना वाचता येणाऱ्या नियमांवर चालणारंच घ्यायचं. तसं टिपण मराठीत करून कमिटीपुढे ठेवलं, त्यात 'खुली मानके' असं लिहिलं, तर खजिनदार अण्णा म्हणाले खुलं म्हणजे कुणीही फुकट बघणार, मग वर्गणी कोण भरणार? आणि अध्यक्षबाई म्हणाल्या मानक म्हणजे ते आयएसओ मानांकनच ना, ते शाळेला घेतात, आपल्याला काय करायचंय. एका शब्दाला दोन पाय, दोन्ही लंगडे.

हा हट्ट कशापायी ते पण सांगतो. आधी एक जण करायचा सगळं, तीन वर्षांची रेकॉर्डिंगं त्याच्या स्वतःच्या प्लेअरमध्येच चालायची, पुढे त्याने धंदा गुंडाळला. हार्डडिस्क आमच्या कपाटात आहे, फाइली आहेत, साइझ पण दिसते, उघडत मात्र कशातच नाहीत. त्यातले दोन वक्ते आता हयात नाहीत.

शब्दवेडी
अध्यक्षबाईंचं काही चुकलं नाही हो. पेपरात 'शाळेला आयएसओ मानांकन' हे इतक्या वेळा छापून येतं की मानक म्हटलं की भिंतीवर फ्रेम केलेला कागदच डोळ्यापुढे येतो. मानांकन म्हणजे कुणीतरी तपासून दिलेला शिक्का, आणि मानक म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं ते मूळ माप. मानक शब्द चुकीचा नाही, पण भारतीय मानक ब्यूरोच्या पाटीवरून आल्यासारखा वाटतो, घरात कुणी बोलत नाही.

'प्रमाण' जुना आणि आपला, प्रमाणवेळ आहे, प्रमाणभाषा आहे. पण त्याला दुसरा अर्थ चिकटलाय, 'मिठाचं प्रमाण जास्त झालं'. 'व्हिडिओचं खुलं प्रमाण' वाचून कुणाला काय कळणार, डोंबल! आणि नुसतं 'स्टँडर्ड' ठेवावं म्हटलं तर बोलण्यात त्याचा अर्थ होतो इयत्ता नाहीतर दर्जा. 'त्या हॉटेलचं काही स्टँडर्डच राहिलं नाही' यात आयएसओ कुठेच नाही.

माझं मत 'माप' वापरा. पायली, शेर, अधोली ही मापं गावोगाव वेगळी भरायची, म्हणून तर १९५६ला कायदा करून मेट्रिक मापं आणावी लागली. हे अण्णांना एका वाक्यात कळेल.

नाशिककर
ताई, माप झकास, पण अण्णांचा घोटाळा मापात नाहीये, 'खुलं' मध्ये आहे. मी 'मुक्त' सुचवतो. आमच्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे १९८९ पासून, इंग्रजीत ओपन युनिव्हर्सिटी. तिथे फी भरावी लागते हे आख्ख्या महाराष्ट्राला माहितीये, त्यामुळे मुक्त म्हणजे फुकट असा गैरसमज होणार नाही.

शब्दवेडी
उदाहरण छान आहे दादा, पण 'मुक्त' मागे जोडला की उलटाच निघतो बघा. करमुक्त, धूरमुक्त, व्यसनमुक्त, म्हणजे ती गोष्ट नसलेलं. 'मानकमुक्त व्हिडिओ' कुणी लिहून बसलं तर अर्थाचा सत्यानाश. पुढे लावायचा असेल तरच घ्या, 'मुक्त माप'.

मिरजेचा
उशिरा आलो. माझे वडील रेल्वेत गुड्स क्लार्क होते, मिरजेला, त्यामुळे मला स्टँडर्ड म्हटलं की गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आठवतो. एकेकाळी मिरज जंक्शनला तिन्ही गेज यायचे, ब्रॉड, मीटर आणि कुर्डूवाडीकडची नॅरो. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पण एका गेजच्या वॅगनमधून उतरवून दुसऱ्या गेजच्या वॅगनमध्ये चढवायचा, त्यात हमाली, वेळ, फूटतूट, आणि यातून माल एक पैशानं पण चांगला होत नाही. १९९२ला रेल्वेने युनिगेज, म्हणजे सगळीकडे एकच गेज, काढलं ते ह्याच कटकटीसाठी.

स्ट्रीमिंगमध्ये हे अगदी असंच झालं होतं. २०१०च्या सुमारास एकच लेक्चर सगळ्यांना दाखवायचं तर मायक्रोसॉफ्टचं स्मूथ स्ट्रीमिंग वेगळं, अडोबीचं एचडीएस वेगळं, ॲपलचं एचएलएस वेगळं. आतली कल्पना तिघांची सारखीच, व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत करून ठेवायचा, आणि सोबत एक यादी द्यायची की कुठला तुकडा कुठे पडलाय. ह्या यादीला इंग्रजीत मॅनिफेस्ट म्हणतात, मी तिला बिल्टी म्हणतो, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालासोबत असते तीच. बिल्टी वाचून प्लेअर ठरवतो की आत्ता नेट ढिलं आहे, पुढचा तुकडा हलका मागवू. म्हणून तर एसटीत बसून मॅच बघताना चित्र मध्येच धूसर होतं पण थांबत नाही.

पुढे २०१२ला डॅश आलं, आंतरराष्ट्रीय मानकसंस्था आयएसओचं, म्हणजे निदान कुणा एका कंपनीच्या घरचं नाही. पण आयफोनवर एचएलएस लागायचंच आणि त्याचे तुकडे टीएस नावाच्या जुन्या डब्यात (म्हणजे फाइलच्या प्रकारात), डॅशचे एमपी४च्या डब्यात. म्हणजे तोच माल दोनदा भरा, दोनदा साठवा. २०१६ला ॲपलने एमपी४चे तुकडे चालवून घेऊ म्हटलं, आणि ॲपल-मायक्रोसॉफ्टने मिळून सीमॅफ मांडलं, तुकडे एकच, बिल्ट्या हव्या तर दोन. कागदाची बिल्टी दोनदा लिहायला काय जातंय, वॅगन दोनदा भरायला जातं.

पॅकेट_काका
मिरजेच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, मी नेटवर्कच्या बाजूने एक भर घालतो. आधीचं जे आरटीएमपी होतं, फ्लॅश प्लेअरसोबतची व्हिडिओ पाठवायची पद्धत, त्यात प्लेअर आणि खास सर्व्हर यांच्यात सतत उघडी लाइन लागायची, जितके बघणारे तितक्या लायनी. एचएलएस-डॅशचे तुकडे मात्र साध्या वेबपानासारखे एचटीटीपीवरून जातात, त्यामुळे वेबपानं साठवणारा कुठलाही कॅशे ते साठवू शकतो, त्याला व्हिडिओतलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. १९ नोव्हेंबर २०२३च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. एवढ्यांना एका ठिकाणाहून उघड्या लायनीने कोण देणार? तुकडे गावोगावच्या जवळ साठून राहतात म्हणून जमतं.

गंमत बघा, फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२०ला मेला पण त्याच्यासोबतचं आरटीएमपी अजून जिवंत आहे. बघणाऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या बाजूला. वर्गणीवाले, तुम्ही ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमधून ढकलत असाल तर बहुतेक तेच वापरताय. का टिकलं? २००९ला अडोबीने त्याचं वर्णन छापून मोकळं केलं होतं, अपुरं होतं असं लोक म्हणतात पण हातात कागद तर होता, त्यावरून बाकीच्यांनी आपापले सर्व्हर लिहिले. मालक उठून गेला तरी वाट राहिली. तुमच्या कपाटातल्या हार्डडिस्कचं हेच झालं नाही, तिचा कागदच कुणाकडे नाही.

आता शब्दाबद्दल. मंडळी एकाच शब्दात तीन प्रश्न कोंबताहेत. माप कसं आहे ते छापलंय का, ही एक गोष्ट. त्यात बदल करताना बाहेरच्यांना बोलता येतं का, ही दुसरी. आणि ते वापरायचे पैसे पडतात का, ही तिसरी. इंग्रजी ओपन तिघांना एका गोधडीत गुंडाळतं. मराठीत आपल्याकडे शब्द आहेत तर वेगळे वापरा ना. एचएलएस घ्या, २०१७ला आरएफसी ८२१६ (इंटरनेटच्या नियमांचा जाहीर कागद) म्हणून छापलंय, कुणीही वाचून प्लेअर लिहावा, पण पुढे काय बदलायचं ते ॲपलच ठरवतं. म्हणजे छापील आहे, पण सामायिक नाही. एच.२६४, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, उलटं, २००३ला दूरसंचारवाल्या आयटीयूने आणि आयएसओने मिळून केलेलं, अगदी सामायिक, पण एन्कोडर-डिकोडर बनवणाऱ्याला पेटंटचे पैसे पडतात.

शब्दवेडी
काका, ह्या पैशाला 'स्वामित्वधन' शब्द आहे. मुरूम-वाळू उचलायला तहसील कचेरीत भरतात तेच. अण्णांनी तो नक्की भरलेला असणार, रॉयल्टी म्हणा, स्वामित्वधन म्हणा, त्यांना लगेच कळेल.

वर्गणीवाला
अण्णांची खडी क्रशर आहे 😄 कळेल म्हणजे काय, अंगावर येईल. पण काका हे एच.२६४चं ऐकून मीच घाबरलो, मी तर सगळं त्यातच करतो, आमच्या व्याख्यानमालेला पैसे भरायला लागणार का?

पॅकेट_काका
नाही हो. प्रेक्षकाला इंटरनेटवर फुकट दाखवलेल्या व्हिडिओला रॉयल्टी लावणार नाही असं पेटंटवाल्यांच्या पूलने, म्हणजे एकत्र वसुली करणाऱ्या गटाने, २०१०मध्ये जाहीर केलंय. वर्षभर आधी गूगलने ऑन२ ही कंपनी घ्यायचा सौदा केला होता आणि त्याच २०१०मध्ये तिची एच.२६४सारखीच व्हीपी८ पद्धत मोकळी सोडली, त्यानंतर तीन महिन्यांत ही घोषणा, योगायोग म्हणायचा तर म्हणा. पण एच.२६४च्या पुढच्या पिढीला, एचईव्हीसीला, एकाचे दोन पूल झाले (तिसरा नंतर आला), कुणाला किती द्यायचं तेच कळेना. त्या वैतागातून २०१५ला गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मोझिला वगैरेंनी अलायन्स काढून २०१८ला एव्ही१ पद्धत आणली, त्यांच्याकडून स्वामित्वधन शून्य, बाहेरचे काही पेटंटवाले मात्र पैसे मागतात. इथे तुम्ही 'मोफत' लिहू शकता, अगदी छातीठोक मात्र नको.

उलटा_टोपीवाला
मी विरोधी बाकावर बसतो. एवढं समिती समिती करताय, पण आयफोनवर चालायचं तर एचएलएस हवं ह्या एकाच कारणाने जग एचएलएसवर गेलं, ज्याच्या हाती ससा तो पारधी. आयएसओचं डॅश कागदावर जास्त खुलं, तरी आयफोनच्या ब्राउझरमध्ये ते सरळ चालत नव्हतं कितीतरी वर्षं. म्हणजे माप कुणी ठरवलं ह्यापेक्षा दुकान कुणाचं मोठं ह्यावर सगळं.

दुसरं, कुलूप. रूळ खुले आणि डबे कुलूपबंद, हे कुणी बोलत नाही. पैसे देऊन बघायच्या व्हिडिओला डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, असतं, वाइडवाइन गूगलचं, फेअरप्ले ॲपलचं, प्लेरेडी मायक्रोसॉफ्टचं, आतलं कुणालाच दिसत नाही. ब्राउझरने ह्या कुलपाशी कसं बोलायचं त्याचं स्टँडर्ड २०१७ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने मंजूर केलं तेव्हा डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ राजीनामा देऊन बाहेर पडली. त्याला पण ओपन स्टँडर्डच म्हणतात! मग तुमचा शब्द नक्की काय सांगतो?

पॅकेट_काका
टोपीवाले, ससा-पारधी मान्य. पण छापील असण्याचा फायदा एचएलएसमध्येच दिसला. २०१९ला ॲपलने लाइव्हमधला उशीर कमी करायची नवी पद्धत आणली, त्यात एचटीटीपी/२ पुश (मागण्याआधीच तुकडा ढकलणं) सक्तीचं केलं होतं, ते बऱ्याच कॅशेवाल्यांना परवडणारं नव्हतं. मसुदा सगळ्यांपुढे होता म्हणून लोकांनी ओरड केली, पुढच्याच वर्षी ती अट काढली. बंद पेटीत असतं तर ओरडायला जागाच नव्हती.

कुलपाचं म्हणाल तर अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. माप खुलं म्हणजे दार उघडं असं नाही. पेट्रोल पंपाचं माप सरकारी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पेट्रोल फुकट मिळतं का? वर्गणीदारालाच दिसेल असं लॉगिन, एन्क्रिप्शन, सगळं खुल्या मापावर करता येतं. व्याख्यानमालेला डीआरएम मात्र लावू नका कृपा करून, कोण चोरणार आहे मे महिन्यातलं भाषण.

नाशिककर
सरकारी व्याख्या चालत असेल तर केंद्राचं ई-गव्हर्नन्ससाठी ओपन स्टँडर्डचं धोरण आहे, नोव्हेंबर २०१०चं. त्यात काकांच्या तिन्ही गोष्टी आहेत, कागद फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळावा, पेटंटचं स्वामित्वधन त्या स्टँडर्डच्या पूर्ण आयुष्यात शून्य, आणि सांभाळणारी संस्था ना-नफा, जिथे संबंधितांना भाग घेता येतो. भारतीय भाषांचा पण उल्लेख आहे. ह्या चाळणीतून एच.२६४ काय आणि एचएलएस काय, पूर्ण पास होणार नाहीत हे उघड आहे. तरी टिपणात टाका, सरकारचा कागद म्हटला की कमिटी जरा सरळ बसते.

मिरजेचा
मी तर म्हणतो शब्दच टाळा, कराराची अट लिहा. 'फाइली आणि बिल्टी आमच्या ताब्यात हवी, आणि ती कुठल्याही साध्या वेब सर्व्हरवर ठेवून, तुमच्या ॲपशिवाय, दोन वेगळ्या प्लेअरमध्ये चालून दाखवा.' व्हेंडरने मीटिंगमध्येच व्हीएलसीत चालवून दाखवलं तर घ्या, नाहीतर चहा पाजून रवाना करा.

वर्गणीवाला
मीटिंग झाली, सांगायला आलो. टिपणात 'सामायिक माप' लिहिलं, शब्दवेडी ताईंचं माप आणि काकांचा सामायिक, दोन्ही जोडले. सातबाऱ्यात सामायिक विहीर असते तसं, असं अण्णांनीच बाकीच्यांना समजावलं, मला बोलूच दिलं नाही. आणि खाली मिरजेच्या भाऊंची अट जशीच्या तशी.

व्हेंडरला दोन प्लेअरचं विचारलं तर म्हणाला वरच्या टीमला विचारून सांगतो. अजून फोन नाही. तोवर मी ओबीएस आणि व्हिडिओचं रूपांतर करणारं एफएफएमपेग बसवून घरच्या जुन्या पीसीवर एचएलएस काढून बघितलं, सहा-सहा सेकंदांचे तुकडे, बिल्टी नोटपॅडमध्ये उघडली तर खरंच नुसती यादी आहे हो, वाचता येते!

अध्यक्षबाईंना मात्र 'बिल्टी' आवडला नाही, त्यांचं म्हणणं व्याख्यानमालेच्या कागदात ट्रकचा शब्द शोभत नाही. दुसरा काही आहे का?

शब्दवेडी
'अनुक्रमणिका' चालेल त्यांना. पण मला स्वतःला बिल्टीच बरा वाटतो.