श्वासनलिकेची सूज आणि घरातली फळे : आपले अनुभव लिहावेत

दम्याचा किंवा जुनाट खोकल्याचा रुग्ण घरात असला, की भेटायला येणारा प्रत्येक जण एखादे फळ सुचवतो आणि दुसरे एखादे वर्ज्य करायला सांगतो. माझ्या आईला दम्याचा जुना त्रास आहे आणि थंडी सुरू होताच आमच्याकडे आवळ्यापासून अननसापर्यंत सर्व सल्ले गोळा होतात. श्वासनलिकेला सूज आली की तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशी आसपासच्या पेशींना इजा करणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) सोडतात. नलिकेच्या आतील ओलसर थरातले क जीवनसत्त्व हे कण निष्प्रभ करताना स्वतः खर्ची पडते, म्हणून आहारातून ते भरून निघावे, हा फळांच्या बाजूचा युक्तिवाद मला पटतो. मात्र आवळलेली नलिका फळाने मोकळी होत नाही, त्यासाठी श्वासातून औषध देणारा पंपच (इनहेलर) लागतो. आणि सुजेसाठी डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप बरे वाटू लागले तरी परस्पर बंद करायचा नसतो. हे मान्य करून, औषधांच्या जोडीने कोणते फळ कसे खाल्ले आणि काय जाणवले, ते कृपया सविस्तर लिहावे.

शेवंती (नागपूर)

संत्र्यांच्या गावात राहून नातवाला हिवाळाभर संत्रे द्यायचे नाही, असा सासूबाईंचा दंडक होता, कारण आंबटाने कफ वाढतो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्याची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू येत असे, त्यामुळे त्यांची काळजी मला कळत होती. बालरोगतज्ज्ञांनी त्यांनाच समोर बसवून समजावले, की फळ खाल्ल्यावर पुरळ, उलटी किंवा धाप लागत नसेल तर ते बंद करण्याचे कारण नाही. इटलीतील मुलांच्या एका पाहणीत, हिवाळ्यात संत्री आणि किवी अधिक खाणाऱ्यांमध्ये घरघर कमी आढळली होती, हेही त्यांनी सांगितले. आता दुपारच्या उन्हात बसून आजीच त्याला फोडी सोलून देतात. त्रास कमी झाला आहे, पण त्याच सुमारास स्पेसर (औषध नीट ओढता यावे म्हणून पंपाला जोडायची नळी) लावून पंपही नियमित सुरू झाला, म्हणून सारे श्रेय मी संत्र्याला देणार नाही.

द्राक्षवेल (तासगाव)

फळ कितीही गुणकारी असले तरी त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे दमेकऱ्याने पाहिलेच पाहिजे. आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात भिजवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, आणि रंग पिवळाधमक राहावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. धुरी चालू असताना माझे थोरले दीर शेडच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, कारण त्या उग्र वासाने त्यांना लगेच ढास लागते. पुढे असे लक्षात आले, की पिवळा बेदाणा मूठभर खाल्ला तरी त्यांची छाती आवळून येते. धुरीतून फळात उतरणाऱ्या सल्फाइट या गंधकाच्या संयुगांमुळे काही दमेकऱ्यांना असा त्रास होतो, असे डॉक्टरांनी सांगितले. जर्दाळूच्या केशरी रंगामागेही बहुधा हीच प्रक्रिया असते. आता त्यांच्यासाठी धुरी न दिलेल्या काळ्या मनुका रात्री भिजवून ठेवतो; त्या त्यांना सोसतात.

माजघर (पुणे)

औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे एक इशारा कळकळीने देते. फळातील गुण गोळीत तसाच उतरतो, असे समजू नये. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा कॅरोटीनच्या (गाजर-पपईतील केशरी रंगद्रव्याच्या) गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला. गाजर, पपई, आंबा आनंदाने खावेत; पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने या गोळ्या मनाने घेऊ नयेत. माझ्या यजमानांना जुनाट ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) आहे. त्यांच्या पानात रोज पेरू असतो, कारण १०० ग्रॅम पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट, सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते आणि तो खिशालाही परवडतो. तरीही त्यांच्या छातीला खरा आराम पडला तो सिगारेट सुटल्यावरच.

रातांबा (कुडाळ)

माझा रात्रीचा खोकला पित्त वर येण्यामुळे होता. झोपण्यापूर्वी आमसुलाचे सार आणि अननस बंद केले, जेवण लवकर घेऊ लागलो आणि खोकला उतरला. आंबट फळे दिवसा खातो.

गवतीचहा (नाशिक)

वडिलांना दमा आणि मधुमेह दोन्ही असल्याने मोरावळ्याचा प्रश्न आमच्याकडे नाजूक आहे. आई मोठे आवळे टोचून, वाफवून साखरेच्या पाकात मुरवते. तो जिन्नस चवीला अप्रतिम असला तरी साखर भरपूर आणि शिजवल्याने क जीवनसत्त्वही काही अंशी गेलेले. आता ताज्या आवळ्याच्या चकत्यांना हळद-मीठ चोळून बरणी भरतो आणि जेवताना दोन-तीन वाढतो. पीक फ्लो मीटरच्या (श्वास किती जोराने सोडता येतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) वहीत त्यामुळे आकडा वाढलेला दिसला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मात्र तोंडाची चव परतली आणि जेवण सुधारले, हेही थोडके नाही. बाजारातल्या मनुकांना धुरी दिली आहे की नाही, हे कसे ओळखावे, ते तासगावच्या ताईंनी सांगावे.

द्राक्षवेल (तासगाव)

सुट्या मालात नुसत्या रंगावरून खात्री देता येत नाही, म्हणून दमेकऱ्यासाठी पाकीटबंद मालच घ्यावा. घटकांच्या यादीत सल्फर डायऑक्साइड (गंधकाच्या धुरीतला वायू) किंवा आयएनएस २२० (त्याचाच सांकेतिक क्रमांक) असे लिहिलेले असेल, तर ते पाकीट तुमच्या वडिलांसाठी घेऊ नये.