‘सस्तनसदृश सरीसृप’ की ‘सिनॅप्सिड’?

गॉर्गोनॉप्सिड या पर्मियन कालखंडातील (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) शिकारी प्राण्यांसाठी ‘सस्तनसदृश सरीसृप’ हा शब्दप्रयोग मराठी लेखनात अजूनही आढळतो. जुन्या इंग्रजी संज्ञेचे ते शब्दशः भाषांतर असून आता ते टाळावे, असे माझे मत आहे. कर्मधारय समासात उत्तरपद प्रधान असल्यामुळे वाचकापुढे आधी सरपटणारा प्राणीच उभा राहतो आणि सस्तनांशी असलेले नाते केवळ विशेषणापुरते उरते. प्रत्यक्षात सरीसृपांची आणि सिनॅप्सिडांची (म्हणजे सस्तन प्राणी आणि गॉर्गोनॉप्सिडांसारखे त्यांचे नातलग यांची) शाखा ३० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीच वेगळी झाली असून आपण स्वतः सिनॅप्सिडांच्या शाखेत मोडतो.

सिनॅप्सिडांची खूण म्हणजे डोळ्यामागे कवटीच्या प्रत्येक बाजूस असलेली एकच पोकळी. कानशिलावर बोट ठेवून दात आवळले असता जो स्नायू हलताना जाणवतो, तो याच पोकळीतून जबड्याकडे जातो. यावरून ‘एकछिद्री’ हा प्रतिशब्द सुचू शकेल. परंतु प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तनाच्या गटाचे ‘मोनोट्रीम’ हे नावही ‘एकच छिद्र असलेला’ याच अर्थाचे आहे, आणि तेथील छिद्र शरीराच्या भलत्याच टोकाला असते! ‘सस्तनपूर्वज’ हेही अचूक नाही. सस्तन प्राणी सायनोडाँट या सिनॅप्सिडांच्याच दुसऱ्या एका गटाच्या शाखेतून आले. गॉर्गोनॉप्सिड हे निर्वंश झालेले चुलत आजोबा म्हणता येतील. म्हणून ‘सिनॅप्सिड’ हाच शब्द ठेवणे बरे.

दातांसाठी मात्र परका शब्द नको. सरड्याचे दात बहुधा एकसारखे असतात, तर गॉर्गोनॉप्सिडांच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात आणि त्यांमागे लांब सुळे स्पष्ट दिसतात, त्यामुळे ‘सुळा’ हा शब्द येथे शास्त्रीयदृष्ट्याही चपखल बसतो. सुमारे ३ मीटर लांबीच्या इनोस्ट्रान्सेव्हिया या गॉर्गोनॉप्सिडाचे सुळे १२ ते १५ सेंटिमीटर भरत. हा प्राणी प्रथम रशियातील उत्तर द्विना नदीकाठच्या जीवाश्मांवरून ज्ञात झाला आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील त्याच्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. आपल्याकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कुंदाराम शैलसमूहातूनही, तेलंगणात, गॉर्गोनॉप्सिडाचे अवशेष नोंदले गेले आहेत.

सामान्यरूपाविषयी एवढेच, की ‘गॉर्गोनॉप्सिडचा’ आणि ‘गॉर्गोनॉप्सिडाचा’ ही दोन्ही रूपे चालावीत. अनेकवचनात मात्र ‘गॉर्गोनॉप्सिडांचा’ असा अनुस्वार अवश्य द्यावा.