थारच्या मागच्या बंपरवर सायकलचा रिपेअर स्टँड बसवायचाय, कुणी केलंय का?

होटगीरोडवाला:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी सायकल कमी आणि गाडी जास्त चालवतो, म्हणजे रविवारी आमची पाच-सहा जणांची गँग हिप्परग्याच्या तलावाकडं नाहीतर नान्नजच्या माळावर एमटीबी (डोंगरी सायकल) दामटते आणि मी थार घेऊन मागनं, पाणी, केळी, पंप, ट्यूब सगळं माझ्याकडं. साहजिकच मेकॅनिक पण मीच. बाभळीचा काटा काढायला काय लागत नाही ओ, खरी पंचाईत गिअर लावताना होते. मागचं चाक अधांतरी असल्याशिवाय पेडल फिरवून गिअर बघता येत नाही, आणि सायकल उलटी केली की शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) मातीत, वर हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या ब्रेकवाल्यांची बोंब की सरळ केल्यावर लिव्हर गपकन आत जातोय. आणि मला खाली बसता येत नाही हे मुख्य दुखणं.
म्हणून डोक्यात आलंय की बंपरवरच स्टँडचा खांब उभा करावा, पाहिजे तेव्हा लावायचा, नको तेव्हा काढून मागं टाकायचा. माझ्या गाडीचा बंपर जमिनीपासून साधारण ६० सेमी भरला, वर ७० चा खांब लावला तर सायकल धरणारा क्लॅम्प छातीला येतो. बंपरला दोन भोकं पाडून बोल्ट मारले तर चालेल का?

चेसी_नंबर_एक:
भोकं पाडू नका. आधी गाडीखाली झोपून बघा, तुम्हाला जमत नसेल तर पोराला झोपवा. बंपर म्हणजे नुसतं तोंड आहे, वजन घेणारी चेसी आत आहे. हिशोब करा, सायकल १५ किलोची, ती खांबापासून ६० सेमी बाहेर लटकणार (कमी ठेवू नका, हँडल ७८ सेमी रुंद असेल तर निम्मं ३९ आणि वर स्टेपनी बाहेर आलेली), त्यात तुम्ही पान्यावर अंगभार देणार, २५ किलो तरी धरा, म्हणजे ४० किलो ६० सेमीच्या दांड्यावर. प्लास्टिक आणि क्लिपा महिन्याभरात राम म्हणतील.
टो हुकची (गाडी ओढायच्या हुकची) जी मूळ भोकं चेसीला आहेत त्यातच जाडजूड ब्रॅकेट बसवा, ८.८ ग्रेडचे मजबूत बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते, ढिला होत नाही). चेसीला नवीन भोक नाही. वेल्डिंग गाडीवर करूच नका, ब्रॅकेट बाहेर बनवून आणा, आणि वेल्डर ऐकलाच नाही तर निदान बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) उडाला तर रडत बसाल.
आता खरी गंमत. खांब खोचायला ब्रॅकेटवर ५० बाय ५० चा चौकोनी पाईप ३ एमएमचा घेतला की आतनं ४४ राहतो. त्यात खांबाचा ४० चा पाईप घातला तर ४ एमएमची ढिलाई, खाली दिसत पण नाही, वर क्लॅम्पपाशी मात्र सायकल हातभर डोलते. ४० च्या दोन लगतच्या बाजूंना ३ एमएमची पट्टी टॅक करा (वेल्डिंगचे टिपके मारा), मोठ्या पाईपच्या आतली वेल्डिंगची शिवण कानसीनं घासून घ्या (हे सगळे विसरतात मग हातोडीनं ठोकत बसतात), आणि बाहेरनं १२ चा नट वेल्ड करून त्यातनं बोल्ट आवळा. खडखड बंद.

लष्करचा_गडी:
ओ मालक, काय करूलालाव हे! आमी स्टेपनीला दोरी बांधून सीटचं नाक अडकवूलालो, पाच वर्षं झाली, काय झालं नाही. तेबी नसंल तर लिंबाची फांदी हाय की. सायकलीपरीस स्टँड जड.

होटगीरोडवाला:
@लष्करचा_गडी नान्नजच्या माळावर आमच्या वाटेत एक लिंब दाखवा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडनं. आणि दोरीला टांगलेली सायकल पाना लावला की गरागरा फिरते, तो प्रयोग झालाय.

पेडलताई:
काका, खांबाचं झालं, पण क्लॅम्पचं कुणी बोललंच नाही. फ्रेमच्या दांडीला क्लॅम्प लावू नका, पातळ अॅल्युमिनियम दबतं आणि कार्बन तर तडकतं. कायम सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला धरा. सीटपोस्ट २७.२, ३०.९ नाहीतर ३१.६ एमएमचा असतो, सागवानाचा ठोकळा घ्या, ३२ चं भोक पाडा, मधोमध चिरा, आतनं जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा. बारीक पोस्टला रबराचा अजून एक थर. ड्रॉपर (बटणावर खाली-वर होणारा सीटपोस्ट) असेल तर वरचा चकचकीत भाग अजिबात पकडायचा नाही, खालच्या बाहेरच्या नळीला धरा आणि हलकं आवळा.
ब्रेकचं म्हणाल तर उलटं केल्यावर लिव्हरपाशी ऑइलच्या टाकीत थोडी हवा असेल ती ऑइलच्या लायनीत जाते, म्हणून लिव्हर ढिला. सायकल सरळ टांगली की तो प्रश्नच नाही. आणि गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, नाहीतर तुम्ही पेडल दाबाल आणि थार पुढं. सायकल टांगून गाडी हलवायची नाही, शंभर फूट पण नाही, हा स्टँड आहे, कॅरियर नाही. खांब पण काढूनच निघा, नंबरप्लेट आणि मागचे दिवे मोकळे पाहिजेत.

होटगीरोडवाला:
तीन आठवड्यांनी अपडेट. ब्रॅकेट टो हुकच्याच भोकांत बसला, पट्टीची आयडिया एक नंबर, वर बोटभर पण हालत नाही. पहिल्याच रविवारी मात्र फजिती, मी खांब लावला, सायकल टांगली, आणि मग लक्षात आलं पाने सगळे मागच्या दाराआड. दार आडवं उघडतं ना, खांबाला धडकून चार बोटं उघडलं आणि बास. सायकल काढा, खांब काढा, पाने काढा, परत सगळं चढवा, पोरं हसूनहसून बेजार. आता आधी हत्यारं बाहेर, मग खांब.
दुसरं, एकानं डावं पेडल सोडवायला सगळी ताकद लावली, आणि ते आवळतच गेलं, डाव्याला उलटे आटे असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. अख्खी थार स्प्रिंगवर डोलली पण ब्रॅकेट जागचा हालला नाही.

लष्करचा_गडी:
बरं झालं मालक. येत्या रविवारी कुठं जाऊलालाव? माझ्या सायकलचा मागचा गिअर दोन म्हयनं झालं कडकड करूलालाय, जरा टांगून बघा की ओ.