घड्याळ म्हणतं ४२, पोरगा म्हणतो मस्त झोपलो. ऐकायचं कुणाचं?

सातपूरची_आई: मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. आठवड्यातून सहा दिवस पहाटे पोहायला जातो. वाढदिवसाला मामाने स्मार्टवॉच दिलं आणि तेव्हापासून माझीच झोप उडालीये. रात्री तीनला त्याचा पल्स ४२ दाखवतं. परवा उठून गेले तर पांघरुणाखाली तो हिरवा लाइट लुकलुकत होता, मानेला बोट लावून मिनिटभर मोजला, ४४ आले, म्हणजे घड्याळ काही खोटं बोलत नाहीये. सकाळी उठून चार पोळ्या खाऊन गेला, चक्कर नाही, दम नाही. नवरा म्हणतो घड्याळ कपाटात टाक. पण एकदा आकडा दिसल्यावर न दिसल्यासारखं कसं करायचं? माझं तरी मत, मुलांच्या हातात घड्याळ असावं आणि आईबापाने ते बघावं.

खडूस_काका: नवऱ्याचं ऐका ताई. पल्स ६० ते १०० हा हिशोब जागेपणी, निवांत बसलेल्या माणसाचा. रोज पोहणाऱ्या पोराचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग ठोके कमीच लागणार, आणि गाढ झोपेत अजून कमी. श्वास घेताना पल्स वाढतो, सोडताना उतरतो, तेही या वयात नॉर्मल, ते बघून 'अनियमित ठोके' म्हणून धावू नका. आणि अ‍ॅपलवाले स्वतःच सांगतात की त्यांचं ईसीजी अ‍ॅप २२ वर्षांखालच्यांसाठी नाही. २०१९ ला त्यांचा तो चार लाखांवर लोकांचा अभ्यास छापून आला, त्यातही सगळे २२ च्या पुढचे, आणि शोधत काय होते तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल होणं, जे मुख्यतः उतारवयातलं दुखणं. दहावीच्या पोराला ते माप कशाला लावायचं?

पहिला_बाक: काका, थोडं थांबा. माझी मुलगी १६ ची. सहा महिने सांगत होती छातीत फडफडतं म्हणून. शाळेत म्हणाले परीक्षेचं टेन्शन, आजी म्हणाली नीट जेवत नाही, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी प्राणायाम सांगितला. चोवीस तासांचं होल्टर (अंगावर लावायचं ईसीजीचं यंत्र) लावलं तर त्या दिवशी नेमकं काहीच झालं नाही. मग मी माझं घड्याळ तिला दिलं, फडफडलं की बटणावर बोट ठेवून तीस सेकंद बस म्हटलं. एका संध्याकाळी अभ्यासाला बसल्या जागी २०४! घड्याळाने निकाल दिला 'अनिर्णित', पण ती ईसीजीची पट्टी पीडीएफ करून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी मिनिटभर बघितली आणि म्हणाले एसव्हीटी, म्हणजे अचानक सुटणारी अतिवेगाची धडधड. हृदयात विजेची एक जादा वाट होती. अ‍ॅब्लेशन (ती जादा वाट बंद करायची प्रक्रिया) झालं, आता कबड्डी खेळते. कपाटात टाकलं असतं तर?

खडूस_काका: चांगलंच झालं की. पण आजार तुमच्या मुलीने शोधला, घड्याळाने फक्त पुरावा दिला. आधी त्रास, मग आकडा. इथे त्रासच नाही आणि नुसता आकडा आहे.

पहिला_बाक: सहा महिने त्रासच सांगत होती, ऐकलं कुणी? २०४ दाखवल्यावर ऐकलं. सोळा वर्षांच्या मुलीच्या शब्दाला या देशात किंमत नाही, आकड्याला आहे. हे तुम्हाला नाही कळायचं.

अर्धा_चहा: मी शाळेत पीटी घेतो. ताई आणि पहिला बाक, दोघंही घड्याळावर फार भरवसा ठेवताय. तो हिरवा लाइट कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतो, पट्टा सैल असला की बोंबला. पळताना तर पावलांची लयच पल्स म्हणून मोजतं. आमचा एक पोरगा सावकाश पळतोय, गप्पा मारतोय आणि हातात १७६, थांबवून मनगटाला बोट लावलं तर १३० च्या आसपास. आणि जास्तीत जास्त पल्स काढायचं ते २२० वजा वय पोरांना नीट लागू होत नाही, खरंच जीव तोडून पळाले तर २०० जातोच. हल्ली शर्यत संपली की वेळ नाही विचारत, 'सर माझा किती आला' विचारतात. वैताग.

लॅबवाली_मावशी: कमी पल्सवर एवढा धागा ताणलात, जास्तवर कुणीच नाही! मुलगी नुसती बसलेली आणि आठवडाभर १०० च्या वर, ताप नाही, एनर्जी ड्रिंक नाही, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते १९ च्या मुलींपैकी ५९ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या होत्या. घड्याळ हजारोंचं घेता आणि सीबीसीला (रक्ताच्या साध्या तपासणीला) मात्र 'बघू पुढच्या महिन्यात'.

अर्धा_चहा: अजून एक. ज्या दुखण्यांनी धडधाकट खेळाडू पोरं मैदानात कोसळतात, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणं वगैरे, त्यात घड्याळ मस्त ७२ दाखवत बसेल. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्यांना ईसीजी सक्तीचा आहे, आपल्याकडे फॉर्मवर पालकांची सही चालते. निदान एवढं तरी विचारा, खेळताना कधी बेशुद्ध पडलाय का, आणि घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलंय का.

सातपूरची_आई: खरं सांगू का, इथेच अडलंय माझं. मुलाचा सख्खा काका ३४ व्या वर्षी क्रिकेट खेळता खेळता पडला तो उठलाच नाही. पोस्टमॉर्टेम नाही केलं. घरात सगळे 'उन्हाने गेला' म्हणतात आणि विषय बदलतात. म्हणून तर मी रात्री उठते.

खडूस_काका: अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! ते ४२ विसरा, काकांचं असं झालंय एवढ्यावरच मुलाला मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. बारा लीडचा ईसीजी आणि टूडी इको करून घ्या, काकांचं सगळं सांगा. तोवर पोहणं बंद, कारण लाँग क्यूटी नावाच्या, हृदयातल्या विजेच्या बिघाडाच्या प्रकारात पोहतानाच गडबड होऊ शकते. घाबरवत नाहीये, बहुतेक काही निघणार नाही. पण हे बघायलाच हवं.

पहिला_बाक: काकांना प्रथमच अनुमोदन.

सातपूरची_आई: शनिवारची वेळ मिळाली. पोहणं बंद म्हणून पोरगा रुसून बसलाय. घड्याळ सध्या नवऱ्याने घातलंय, सोफ्यावर बसल्या बसल्या ९६ दाखवतंय आणि म्हणतो बिघडलंय.

लॅबवाली_मावशी: गेलेल्याचा सख्खा भाऊच ना तो? त्यांनाही शनिवारी घेऊन जा.