डीएमएलटी झालंय, टाटा-केईएममध्ये प्रोजेक्टची पोस्ट घ्यावी का?

डोंबिवलीची_मनू:
नमस्कार मंडळी. माझं बीएस्सी मायक्रो आणि मग डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालाय, सध्या घराजवळच्या एका लॅबमध्ये आहे, सकाळभर ब्लड काढायचं आणि दुपारी रिपोर्ट टाइप करायचे, नवीन शिकायला काहीच नाही. परळला टाटा मेमोरियल नाहीतर केईएममध्ये लागायची फार इच्छा आहे पण जाहिराती बघते तर बऱ्याचशा प्रोजेक्टच्या, कंत्राटी. आई म्हणते कायमची निघेल तेव्हाच फॉर्म भर. काय करू?

लॅबकोट:
मनू, प्रोजेक्ट म्हणजे काय ते आधी समजून घे. एखाद्या डॉक्टरांना आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा दुसऱ्या कुणाकडून रिसर्चसाठी पैसे मंजूर होतात, तुझा पगार त्यातून. पैसे संपले की पोस्ट संपली, तू कितीही चांगलं काम केलंस तरी. त्यामुळे मुलाखतीत बिनधास्त विचार की प्रोजेक्ट किती वर्षांचा आहे आणि त्यातला किती शिल्लक आहे, यात लाजायचं काही नाही.
पण शिकायला मिळतं ते खरंच वेगळं. मी अशाच पोस्टवर होतो. सॅम्पल आलं की आधी पेशंटच्या संमतीपत्रावर सही आहे का बघायचं, मग सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवून रक्तातलं सीरम (वरचं पातळ द्रव) वेगळं करायचं, ते छोट्या ट्यूबमध्ये वाटायचं, लेबल, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, आणि कुठल्या रॅकच्या कुठल्या बॉक्समध्ये ठेवलं ते लगेच रजिस्टरला. ही शिस्त एकदा अंगात भिनली की पुढे कुठल्याही रिसर्च लॅबमध्ये उभं राहता येतं. मी तर म्हणेन घे.

सिस्टर_सायन:
आईचंही चुकत नाहीये गं, पण वाट बघत घरी किंवा त्याच लॅबमध्ये बसू नकोस, काम करता करता कायमचे फॉर्म भर, वयाची अट कुणासाठी थांबत नाही. आणि सगळ्यांची भरती एका ठिकाणी निघत नाही हे लक्षात ठेव. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची, जेजे राज्य सरकारचं, टाटा १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे. तिघांच्या जाहिराती वेगळ्या, परीक्षा वेगळ्या. पॅरामेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलं नसशील तर आधी ते कर.

खारघरवाला:
टाटाचंच कॅन्सर संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक, आमच्या खारघरला आहे, तेही बघ, ठाण्याला गाडी बदलून येता येईल तुला. शिवाय केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, रक्ताच्या आजारांवर काम चालतं, डीएमएलटीवाल्यांनी तिथल्या जाहिरातींवर नजर ठेवायलाच हवी.
आणि कुणी आतून लावून देतो म्हणून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे असेच गेले, हातात आलं ते खोटं लेटर. जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या साइटवर असेल तरच खरी.

डोंबिवलीची_मनू:
खूप आभार सगळ्यांचे. वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला, काय काय न्यायचं?

लॅबकोट:
सगळी ओरिजनल आणि झेरॉक्सचा एक सेट, फोटो, आधार, पॅन, आत्ताच्या लॅबचं अनुभवाचं पत्र. ते पत्र आजच मागून ठेव, सोडताना मागितलं की लोक फिरवतात. रिपोर्टिंगची वेळ जाहिरातीत दिलेली असते, ती टळली तर आत घेत नाहीत, तेव्हा एक गाडी आधीची पकड. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा (पेशंटवरचं संशोधन कसं करायचं त्याचे नियम) ऑनलाइन कोर्स फुकट मिळतो, तो करून सर्टिफिकेट फाइलला लाव.