जाझची पुढची एलपी (गाण्यांची मोठी तबकडी) कुठली घेऊ?

प्रश्न: मंडळी, मी सोलापूरचा, घरी नाट्यसंगीताचा ढीग पण जाझची एकच एलपी, माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', तीच घासतोय. तुमच्या आवडीच्या सांगा की.

उत्तर: डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट' घे, तीपण १९५९ चीच. त्यातलं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, ३ आणि २, झपतालवाल्यांना लगेच सापडतं.

उत्तर: मी कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' म्हणेन. आणि तुझी 'काइंड ऑफ ब्लू' जुन्या छपाईची असली तर पहिली बाजू किंचित चढी वाजते, रेकॉर्डिंगचं मशीन हळू चालत होतं म्हणून.

प्रश्नकर्ता: आयला, म्हणून पेटीशी जुळत नव्हती होय! मी उगाच प्लेयरचा बेल्ट बदलला.

उत्तर: माळ्यावर ठेवू नको फक्त, सोलापूरच्या उन्हाळ्यात माझ्या दोन एलपींचे पापड झालेत.