कॅन्सासमध्ये शिकारीसाठी खासगी रान मिळेनासे झाले आहे

गवताळवाट: पूर्व कॅन्सासमध्ये आम्ही बरीच वर्षे राहतो. इथली जुनी पद्धत अशी की हंगामापूर्वी शेतकऱ्याकडे जाऊन परवानगी मागावी, गाडी कुठे लावायची ते विचारून घ्यावे आणि व्हाइटटेल हरणासाठी त्याच्या रानात बसावे; परतफेड म्हणजे थोडे मांस किंवा कुंपणाच्या दुरुस्तीला हातभार. आता जिथे विचारावे तिथे शिकारीचा हक्क कोणा आउटफिटरला (पैसे घेऊन शिकारीच्या सहली घडवणाऱ्याला) किंवा परराज्यातील गटाला खंडाने दिलेला असतो आणि कुंपणाच्या खांबांवर जांभळा रंग, म्हणजे लेखी परवानगीशिवाय शिकार नाही. वन्यजीव सर्वांचे आणि परवाना राज्याचा असताना रानात शिरण्याची वाट मात्र ज्याच्याकडे पैसा त्याचीच, हे कितपत योग्य आहे? ज्याला असा खंड परवडत नाही त्याने काय करावे?

नेब्रास्काची_सून: आमच्या सासरी मका आणि सोयाबीन होते व शिकारीचा हक्क आम्हीही खंडाने देतो, म्हणून दुसरी बाजू मांडते. हरणे सर्वांची असली तरी ती चरतात आमच्या सोयाबीनमध्ये, आणि जमिनीवरचा कर पिकाचा भाव पडला म्हणून कमी होत नाही. परवानगी मागणाऱ्यांत तुमच्यासारखे विचारपूस करणारे असतात, तसे फाटक उघडे टाकून जाणारेही असतात. करार केला की रानात कोण आहे हे तरी ठाऊक असते. मात्र यात एक खोट आहे. खंड भरणाऱ्याला मोठ्या शिंगांचा नर हवा असतो, तो माद्यांना हात लावत नाही, परिणामी कळप वाढतो आणि नुकसान पुन्हा आमचेच होते, म्हणून काही माद्याही मारायच्या ही अट आम्ही आता करारातच घालतो.

विचिटाकर: योग्य-अयोग्याचा निवाडा इथे होणार नाही, जमीन खासगी आहे, आणि पाटी असो वा नसो, कॅन्सासमध्ये परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. यावर राज्याने काढलेला मार्ग म्हणजे स्वतःच खंड भरणे. १९९५ पासून चाललेल्या ‘वॉक-इन हंटिंग ॲक्सेस’ योजनेत राज्य शेतकऱ्याला पैसे देते आणि १० लाख एकरांहून अधिक खासगी जमीन परवानाधारकांना पायी जाण्यासाठी खुली होते. मोंटानात ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ ही अशीच योजना आहे, आणि २००८ च्या फार्म बिलापासून (केंद्राच्या शेतीविषयक कायद्यापासून) अशा योजनांना केंद्राचाही निधी मिळतो. अडचण अशी की राज्याचा दर आउटफिटरच्या तोडीचा नसतो, त्यामुळे नदीकाठची दाट झाडी, जिथे हरणे खरोखर असतात, ती योजनेत क्वचितच येते. तितर-लाव्यांसाठी या जमिनी त्यापेक्षा बऱ्या. हरीणच हवे असेल तर जानेवारीतील फक्त माद्यांच्या शिकारीच्या हंगामासाठी विचारा, कारण तोवर खंडवाले आपला नर घेऊन परतलेले असतात.

गवताळवाट: दोघांचेही आभार. मग नोव्हेंबरचा, म्हणजे नराच्या शिकारीचा, आग्रह सोडून मी फक्त माद्यांसाठी, तेही पट्टेदाराची (खंड भरणाऱ्याची) संमती घेऊन, लेखी विनंती करतो. ताई, तुमच्या करारात पट्टेदाराव्यतिरिक्त इतरांना हंगामाच्या शेवटी येऊ देण्याची मुभा असते का, की त्यासाठी वेगळे कलम घालावे लागते?

नेब्रास्काची_सून: खंड पूर्ण हंगामाचा असेल तर वेगळे कलम लागते. आम्ही मात्र खंडाची मुदत डिसेंबरअखेर संपवतो, त्यामुळे जानेवारीत कोणाला येऊ द्यायचे हे आमच्याच हातात राहते. तुमच्या शेतकऱ्याला आधी मुदत विचारा.